किल्ली कुणाकडं ठेवायची

आमच्या घरात शिवी चालायची, पण ‘मी म्हणतो म्हणून’ चालायचं नाही. शिवी दिली तर आई डोळे वटारायची आणि विषय तिथंच संपायचा. ‘मी म्हणतो म्हणून’ असं कुणाच्या तोंडून निघालं, की तात्या हातातलं काम बाजूला ठेवून समोर येऊन बसायचे. “हे कारण न्हाय. कारण सांग.” म्हणणारा थोरला असो की धाकटा, पाहुणा असो की घरचा, सुटका नव्हती. पाहुणेरावळे आमची टिंगल करायचे, की ह्यांच्याकडं चहा मागायचा तरी अर्ज-विनंती करावी लागते. तात्या हसायचे आणि चहा सांगायचे.

तात्या म्हणजे माझे वडील. मूळ गाव कऱ्हाटी, पण सगळी हयात भवानीनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर जळोचीत घर बांधलं. आई गेल्यापासून त्या घरात आम्ही चौघं, म्हणजे ते, मी, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. खाली रस्त्याला लागून माझं मेडिकलचं दुकान आहे.

आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा तात्या लहान होते. घरातले देव टोपलीत घालून आजोबा नदीकडं निघाले आणि तात्या मागं मागं पळत विचारत राहिले, का, का म्हणून? आजोबांनी अर्ध्या वाटेत टोपली खाली ठेवली, मातीत बसले आणि पोराला कारण सांगितलं. काय सांगितलं ते तात्यांना पुढं आठवत नव्हतं. पण एवढा मोठा माणूस एवढ्या मोठ्या कामाला निघालेला असताना थांबतो आणि आपल्याला कारण सांगतो, एवढंच त्यांना जन्मभर पुरलं. त्यातूनच घरचा कायदा तयार झाला. कारण द्यायचं. समोरच्याला पटलं नाही तर त्यानंही कारण द्यायचं. ज्याची कारणं संपतील त्यानं मुकाट्यानं ऐकायचं. शेवटचा शब्द ज्याचं आयुष्य त्याचा. फक्त आपल्या निर्णयाचा फटका दुसऱ्याला बसणार असेल, तर तो निर्णय आपल्या एकट्याचा राहत नाही, आणि बसलाच फटका तर निस्तरायला आपणच पुढं व्हायचं.

ह्या कायद्यावर मी वाढले आणि त्याचे फायदेही पुरेपूर उपटले. मला बघायला एक इंजिनियर आला होता. घरदार चांगलं, मुलगा देखणा, आईनं तर मनातल्या मनात मांडवही घातला होता. मी नको म्हटलं. तात्यांनी कारण विचारलं. म्हटलं, “पूर्ण वेळ तो तुमच्याशी बोलला. मला स्वयंपाक येतो का तेही त्यानं तुम्हालाच विचारलं.” तात्या म्हणाले, “पटलं.” आत्या वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत. पुढं मी लग्न केलंच नाही, त्याचंही कारण तात्यांना एकदा सांगितलं आणि त्यांनी ते पुन्हा कधी विचारलं नाही. एवढं मोकळं आयुष्य आमच्या भागात फार बायकांच्या वाट्याला येत नाही, हे मला ठाऊक आहे.

मग तात्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी नावं गेली, मग वार गेले. ह्या आजारावरच्या गोळ्या मी स्वतः दुकानात विकते. लोकांना सांगते, की ह्यानं आजार बरा होत नाही, सावकाश होतो, धीर धरा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. स्वतःच्या बापासाठी तीच पट्टी कापताना मला माझाच राग यायचा.

त्यांचं डोकं गेलं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. त्या दिसल्या की तात्या दाढी करून, शर्ट खोचून, खिशाला पेन लावून तयार. “ट्रॉल्या निघाल्यात म्हंजी गाळप सुरू. गाळप सुरू म्हंजी लॅबला माणूस पायजे. मग मी हितं काय करतोय?” ह्यात चुकीचं काय आहे सांगा. पायरीवर पायरी बरोबर होती. फक्त साल चुकत होतं.

एकदा ते स्कूटर घेऊन निघाले आणि भलत्याच बाजूला, पार सुप्याच्या रस्त्याला सापडले. भावानं किल्ली काढून घेतली. संध्याकाळी तात्या त्याच्यासमोर जाऊन बसले.

“किल्ली का घेतलीस? कारण सांग.”

“तुम्ही रस्ता चुकलात, तात्या.”

“तू पुण्याला गेल्तास तवा चुकला न्हाईस? दोन तास फिरत हुतास म्हनून तूच सांगितलंस. तुजी किल्ली कुनी घेतली?”

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मुद्दा बरोबर होता. भाऊ हसला, मीही हसले आणि त्यानं किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या कुठल्याही घरात ती किल्ली परत मिळाली नसती. ‘गप बसा म्हाताऱ्या’ म्हणून कुणीतरी विषय मिटवला असता. आमच्या घरात मुद्दा पटला की वस्तू द्यावी लागत होती, आणि तात्यांचा मुद्दा पटला हे आम्हाला इतकं बरं वाटलं, की तात्या बरे होत चाललेत असंच आम्ही धरून चाललो.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. भवानीनगरच्या अलीकडं तात्यांनी एका बाईला धडक दिली होती.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याकडेला ती बाई बसली होती, साठीच्या पुढची. डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे जनावरांना घेऊन चालली होती. भारा विस्कटून पडला होता. तात्यांनी स्वतःच्या टॉवेलनं तिचा हात गळ्यात बांधला होता आणि तिच्या शेजारी मातीत बसले होते. भोवती जमलेली माणसं तावातावानं बोलत होती आणि तात्या सगळ्यांना एकच सांगत होते, “चूक माजी हाय. तिची न्हाय. पोलिसाला बोलवा, मी हितनं हालनार न्हाय.” तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. आमचे जुने तात्या त्या आवाजात जसेच्या तसे होते. दवाखान्यात बाईचं प्लास्टर होईपर्यंत ते बाकावर ताठ बसून राहिले. नंतर मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “ती बाई कोन गं? कशानं पडली?”

दवाखान्याचं सगळं आम्ही बघितलं. नंतर मी आणि भाऊ तिच्या घरी गेलो. एकेकाळी मेंढरं घेऊन मुलूख फिरणारं घर, आता थोडा ऊस आणि दोन म्हशी. सून आमच्याशी धड बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं, कारण म्हशींच्या धारा काढायची ती सासू, आणि तिच्याच हाताला प्लास्टर होतं. बाई मात्र समजूतदार होती.

“आमचं म्हातारं बी शेवटाला असंच झालं व्हतं,” ती म्हणाली. “रातध्याड मेंढरं मोजायचं. मेंढरं इकून किती तरी वरसं झाल्याली. तुमच्या बापावर माजा राग न्हाय बाई. पर किल्ली काढून घ्या. आज माजा हात गेला, उद्या कुनाचं ल्येकरू जाईल. एवडं करा, मला दुसरं काय नगं.”

मी तिला शब्द दिला. देताना तो सोपा वाटला होता.

गाडी विकून टाक, असं सगळ्यांनीच सांगितलं. आम्ही ती आधी भावाच्या मित्राकडं नेऊन ठेवली. गाडी दिसेना तशी तात्या ती शोधायला पायीच भवानीनगरच्या रस्त्याला लागले, ट्रॉल्यांच्या कडेनं. गाडी अंगणात दिसत होती तोवर ते घरात असायचे. म्हणून गाडी परत आणून लावली आणि किल्ली मी माझ्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवली.

सकाळी चहा झाला की तात्या दुकानात यायचे. “किल्ली दे गं.”

“का?”

“ट्रॉल्या निघाल्यात.”

मी गिऱ्हाईक थांबवून त्यांना आत खुर्चीवर बसवायची आणि कारण सांगायची. जे खरं होतं तेच. तात्या, तुमच्या गाडीनं एका बाईला लागलं. तिचा हात मोडलाय. तिनं सांगितलंय, की किल्ली काढून घ्या. हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत जायचं. 

“कंचा हात?”

“डावा.”

“मग तिच्या घरचं कोन करतंय? आपुन गेलो हुतो का तिच्याकडं?”

“गेलो होतो, तात्या.”

मग म्हणायचे, “मानसाला इजा झाली माज्याकडनं. आता ह्या किल्लीवर माजा हक्क न्हाय. तूच ठेव. मी मागितली तरी देऊ नगो.”

पहिल्या दिवशी मला अभिमान वाटला. आठवण गेली, नावं गेली, पण न्याय शाबूत आहे. माणूस स्वतःच्या विरुद्ध निकाल देतोय आणि तोही कुणी जबरदस्ती न करता. ज्याला लोक भ्रमिष्ट म्हणतात त्याच्यासारखं वागायला शहाण्यांना जमणार नाही, असं मी भावजयीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. “किल्ली दे गं.”

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तो चेहरा, पुन्हा “कंचा हात?”, पुन्हा तोच निकाल. तिसऱ्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशी तेच. आपण केवढा गुन्हा केलाय हे त्या माणसाला रोज सकाळी नव्यानं कळत होतं, आणि ते सांगणारी मी होते. आपल्याला जुन्या चुकीची सवय होते. बोच कमी होते, आपण स्वतःला थोडं माफ करतो. तात्यांना तेवढाही अवधी मिळत नव्हता.

आणि गंमत अशी, गंमत कसली, की झालेली गोष्ट ते विसरायचे पण दुखणं विसरायचे नाहीत. दुपारी जेवायला बसले की घास हातात धरून विचारायचे, “माज्याकडनं काय वंगाळ झालंय का गं?” काय झालंय ते आठवायचं नाही. काहीतरी झालंय एवढं मात्र आत बसलेलं. जेवण तुटलं. गालफडं बसली. माझ्याच दुकानातली शक्तीची औषधं त्यांना देऊन मी दमले. घास उतरत नसेल तर औषध काय करणार?

भावजय शेवटी बोललीच. ती कमी बोलते, पण बोलली की टाके उसवते. “आक्का, तुमचं खरं रोज त्यांचा जीव घेतंय. गाडी बिघडलीय म्हणून सांगायला काय जातंय?”

मी म्हटलं, “त्यांनी जन्मात आपल्याला फसवलं नाही. त्यांना फसवायला लागलो की ते माणूस राहत नाहीत, सांभाळायची वस्तू होतात.”

“मग त्या वस्तूला रोज घास भरवून बघा. मी भरवते, मला माहीत आहे.”

माझी कारणं संपली होती. कायद्याप्रमाणं मला गप बसायला पाहिजे होतं, तशी बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात राहिले आणि भावजयीनं अंगणातच त्यांना सांगितलं, की गाडी गॅरेजला दिलीय. तात्यांनी हात लांब करून पेरूच्या झाडाखाली दाखवलं. “गाडी तर ही हितं हाय.” भावजय गोंधळली, म्हणाली किल्ली यांनी नेलीय, मग म्हणाली हरवलीय. तात्या रागावले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, “लेकी, ह्या घरात कारन सांगत्यात. फसवत न्हाईत. तुला कुनी शिकवलं न्हाय का?” ती आत जाऊन ओट्याला धरून रडली. पुन्हा मी खोटं बोलणार नाही, तुमचं तुम्ही बघा, म्हणाली. तिचंही काही चुकलं नव्हतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर ते खंगत होते. खोटं सांगावं तर पकडत होते, इतकी बुद्धी शिल्लक होती. किल्ली द्यावी तर रस्त्यावर दुसऱ्याचा जीव होता आणि त्या बाईला मी शब्द दिला होता. विचार करून, तोलून मापून निर्णय घे, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी तोललं. सगळ्या बाजूंनी तोललं. कुठलंही पारडं उचललं तरी त्याच्या खाली तात्याच होते. हे कुणाला विचारावं, तर असलं काही अडलं की मी ज्यांना विचारायची ते तेच होते.

त्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी होती. बाहेर एकामागून एक ट्रॉल्या चालल्या होत्या. तात्या आले. शर्ट गळ्याशी सैल झाला होता, इतके वाळले होते. खिशाला पेन होतं.

“किल्ली दे गं.”

“नाही द्यायची, तात्या.”

“का? कारन सांग.”

मी तोंड उघडलं. त्या बाईचा हात माझ्या जिभेवर आला होता. त्यांचा चेहरा बघितला आणि आता त्यावरचं रक्त कसं उतरेल ते मला आधीच दिसलं. मला ते पुन्हा बघवणार नव्हतं.

“मी म्हणते म्हणून,” मी म्हणाले.

गिऱ्हाइकांसमोर म्हणाले आणि जरा जोरातच म्हणाले. तात्या जागच्या जागी थांबले. आता ते पुढं येतील, समोर बसतील आणि मला झापतील, ह्याची मी वाट बघत होते. खरं सांगते, मला ते हवं होतं. त्यांनी झापलं असतं तर मी किल्ली सोडून सगळं त्यांच्या पायाशी ठेवलं असतं. ते माझ्याकडं बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. शाळेत नवीन आलेलं पोर बाईंकडं बघतं तशी ती नजर होती.

“बरं,” ते म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवलं आणि घरात निघून गेले.

त्यानंतर त्यांनी किल्ली मागितली नाही. ट्रॉल्या जायच्या, ते खिडकीतून बघायचे. मला वाटायचं उद्या मागतील, आणि दुसऱ्या दिवशीही ते यायचे नाहीत. झालेला अपघात त्यांना कधीच आठवला नाही, मी सांगितलेली कारणं आठवली नाहीत, स्वतः दिलेला निकाल आठवला नाही. माझं ते एक वाक्य मात्र त्यांच्यात कुठंतरी जाऊन बसलं. शब्द राहिले असतील असं मला वाटत नाही. इथं आता आपलं चालत नाही, एवढं राहिलं.

त्यांचं जेवण सुधारलं. गाल भरले. डॉक्टर म्हणाले, काय केलंत, तब्येत छान आहे. भाऊ म्हणाला, आक्का, हे आधीच करायला पाहिजे होतं. भावजयीनं मला त्या दिवशी न मागता चहा आणून दिला. त्या बाईचं प्लास्टर निघालं, ती धारा काढायला लागली असं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं. ज्याला ज्याला विचारावं तो म्हणतो, की तू योग्य केलंस. मीही कारणं काढून बघते, आणि पटतात.

फक्त तात्या आता विचारायला लागलेत. आधी एकदा, “पानी पिऊ का?” म्हणाले, तेव्हा मला वाटलं सहज म्हणाले असतील. मग टीव्ही लावू का, आंघोळीला जाऊ का, हा शर्ट घालू का. आपल्याच घरात दारापाशी उभं राहून आत येऊ का. मी चिडते, कधी हात धरून सांगते, की तात्या, घर तुमचं आहे, तुम्ही कुणाला विचारायचं नाही. ते मान हलवतात. पुढच्या वेळी पुन्हा विचारतात.

आज सकाळी दुकानाच्या पायरीवर ऊन आलं होतं. तात्या आतून आले, चपला हातात घेऊन.

“हितं उन्हात बसू का?”

“विचारता कशाला तात्या, बसा की.”

ते बसले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी गोळ्या मोजत होते, पुन्हा वर बघितलं तर ते तसेच उभे, चपला छातीशी धरून, माझ्या तोंडाकडं बघत.

“हो,” मी म्हणाले. “बसा.”

मग ते बसले.